परत घेतलेलं आवतण

आमचं घर सोडून आमच्या भावकीत बत्तीस घरं आहेत. शहर वाढत वाढत मळ्यांच्या बांधापर्यंत आलं, त्यामुळे त्यातली काही घरं आता इमारतींच्या मध्ये सापडली आहेत आणि काही अजून विहिरीच्या कडेला आहेत. पण लग्नकार्याला ती सगळी एक धरली जातात. बाहेरगावचा पाहुणा पत्रिका घेऊन आला, तर तो बत्तीस उंबरे झिजवत नाही. ‘समस्त भावकी’ असं लिहिलेली एक पत्रिका तो माझ्या सासऱ्यांच्या हातात देतो, चहा घेतो आणि निघतो. पुढचं काम सासऱ्यांचं. ते घरोघर जाऊन आवतण देतात. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, बसायचं नाही, कुणाचं लग्न, कुठे, किती वाजता ते सांगायचं आणि शेवटी ‘चूलबंद’ म्हणायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी यायचं, घरी चूल पेटवायची नाही. तो एक शब्द त्यांच्या तोंडून आला नाही, तर लोक घरटी एकच माणूस पाठवतात.

सासऱ्यांना घरात आणि भावकीत सगळे नाना म्हणतात. ते चौथीपर्यंत शिकले. पहाटे फुलांच्या जाळ्या घेऊन पंचवटीच्या बाजारात जायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं, हे त्यांनी चाळीस वर्षं केलं. आता ते काम माझे पती करतात आणि नाना मळ्यातलं बघतात. मी नांदगावची. माझे वडील तिथल्या बाजारात पोती उचलायचे. माहेरी बारावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं आणि लग्न झालं तेव्हा मीही पदवीच्या पहिल्याच वर्षाला होते. नानांनीच माझं नाव नाशिकच्या कॉलेजात घातलं. प्रवेशाच्या रांगेत ते माझ्या मागे पिशवी घेऊन उभे होते, आणि खिडकीतल्या बाईंनी “पालक कोण?” असं विचारलं तेव्हा “मी हाय” म्हणाले. आज मी एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे घडलं त्यात नानांना शिकवणारी मी होते, आणि शिकवताना माझ्याकडून एक गोष्ट राहून गेली होती.

नानांना मोठा फोन घेतला तेव्हा मी त्यांना दोन नियम सांगितले होते. अनोळखी नंबरवरून काही आलं तर उघडायचं नाही. आणि फोनने काही विचारलं व ते कळलं नाही, तर ‘हो’ दाबायचं नाही, मागे यायचं. नानांनी हे दोन्ही नियम काटेकोर पाळले. माझ्या भावाने नवा नंबर घेतला आणि त्यावरून भाचीच्या बारशाचे फोटो पाठवले, तर ते चार दिवस तसेच पडून होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “नंबर वळखीचा नाय. बारसं आसंल नायतर दरोडा.”

लिहिणं त्यांना जमत नव्हतं, पण बटण दाबून धरायचं आणि बोलायचं, हे ते एका दिवसात शिकले. भावकीचा ग्रुप झाल्यापासून घाईचं आवतण असलं, की ते आधी ग्रुपवर आवाजात देत आणि मग सवडीने घरं फिरत. ग्रुपवर नसलेल्या सहा घरांना वेगळं पाठवत. यात त्यांची कधी चूक झाली नाही. गेल्या लग्नसराईत त्यांनी एका आठवड्यात पाच लग्नांची आवतणं दिली होती, आणि एकाही घराने चुकीच्या कार्यालयात जाऊन चुकीच्या नवरीवर अक्षता टाकल्या नव्हत्या. ते अभिमानाने सांगण्यासारखंच आहे, कारण पाचपैकी तीन लग्नं एकाच रस्त्यावर होती.

तर ती रविवारची सकाळ होती. मी अंगणात धुणं वाळत घालत होते आणि नाना ओट्यावर बसून फोनशी बोलत होते. त्यांचं बोलणं संपलं आणि तेच बोलणं माझ्या फोनवर आलं. हात पुसून मी ते ऐकलं.

“राम राम मंडळी. निफाडहून माझ्या साडूकडून लग्नाचं आवतण आलंय. सगळ्या भावकीला चूलबंद. पत्रिका माझ्या फोनात उघडंना, फोन जुना झालाय. तुमच्या फोनात उघडा अन् तारीख बघून घ्या. लगीन जवळच आसंल, तवा आजच्या आज बघा.”

खाली ती पत्रिका होती. मी बोट तिच्यावर नेलं आणि नावाकडे लक्ष गेलं. ‘लग्न निमंत्रण’, मग एक टिंब, आणि पुढे इंग्रजी तीन अक्षरं, एपीके.

आमच्या शाळेत त्याच्या आदल्याच महिन्यात एक पोलीस बाई येऊन बोलून गेल्या होत्या. पत्रिका असेल तर तिचा फोटो येतो नाहीतर पीडीएफ येते, असं त्यांनी सांगितलं होतं. एपीके म्हणजे ॲप. ते फोनमध्ये घेतलं, की बँकेचे मेसेज ते चोराला वाचून दाखवतं, आणि कधी कधी आपल्याच नावाने आपल्या ओळखीच्यांना तीच फाईल पाठवत सुटतं. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. घरी येऊन कुणाला सांगितलं नव्हतं.

“नाना, ही तुम्ही उघडली का?”

“दोनदा दाबली. परवानगी का काय ते मागत होता. मला कळलं नाय, मागं आलो. तूच सांगितलेलं ना?”

“आणि आली कुणाकडून?”

“साडूकडून. नंबर वळखीचाच हाय की.”

माझ्या दुसऱ्या नियमाने नानांचा फोन वाचवला होता, आणि पहिल्या नियमाला धरून ती फाईल बत्तीस घरी गेली होती. ओळखीच्या नंबरवरूनही चोर येतो, हा तिसरा नियम मी सांगितलाच नव्हता.

नानांनी साडूला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला.

“काय रे, लगीन कुणाचं काढलं?”

“कुणाचं लगीन?”

“तुझ्या घरचं. पत्रिका धाडली ना तू.”

“मी? आवो, पोरगी तिकडं पुण्यात परीक्षा देतीये. मी तिचं लगीन काढलं तर ती मला घरातून काढंल.” मग त्याचा आवाज खाली आला. “आन् नाना, तुमी चौथे. सकाळपासून तिघांनी हेच इचारलं. मला वाटलं चेष्टा चाललीय. माझं मेसेजचं ते कालपासून उघडतच नाय. पुन्हा नंबर टाका म्हणतंय.”

नानांनी फोन ओट्यावर ठेवला. 

“म्हंजे मी खोटं आवतण दिलं,” ते म्हणाले.

मी त्यांचा फोन घेतला आणि ग्रुपवरची फाईल सगळ्यांसाठी पुसून टाकली. सहा घरांना वेगळी पाठवलेलीही पुसली. तोवर दहा-पंधरा मिनिटं गेली होती आणि अर्ध्याहून अधिक लोकांनी नानांचं बोलणं ऐकल्याच्या खुणा दिसत होत्या. मग नानांना पुन्हा बोलायला लावलं. “मघाचं आवतण खोटं हाय, ती फाईल उघडू नका,” असं त्यांनी सांगितलं. मीही खाली लिहून टाकलं. चार-पाच जणांचे अंगठे आले. माझ्या मते काम झालं होतं, आणि मी उरलेलं धुणं उचललं.

नाना उठून टोपी घालत होते. “गाडी काढ,” म्हणाले.

“कुठे जायचंय?”

“आवतण परत घ्यायला.”

“ग्रुपवर सांगितलं ना, नाना. सगळ्यांना कळलं.”

“ज्यानं उघडलं नाय त्याला कळलं. ज्यानं उघडलं तो आता गप बसंल. चारचौघांत कोण म्हणंल मी फसलो म्हणून? अन् आपल्याला तोच पायजे.” मग पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, “पोरी, आता कुणाचं काय गेलं तर ते माझ्या आवाजानं गेलं. परत मी कोणत्या तोंडानं चूलबंद म्हणू?”

वहीत उतरवलेल्या सगळ्या सूचनांमध्ये ही गोष्ट कुठेच नव्हती. फसलेला माणूस लाजेने लपतो, आणि तो लपला की चोराला वेळ मिळतो, हे नानांनी ओट्यावरून उठेपर्यंत ओळखलं होतं.

नानांची मोटरसायकल घेऊन माझे पती बाजारात गेले होते. त्यामुळे नाना पहिल्यांदाच माझ्या स्कूटरवर माझ्या मागे बसले. आमच्याकडे सून पुढे आणि सासरे मागे, हे दृश्य फार जुनं नाही. नाना दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते, आणि मी खड्डा चुकवला की हळूच “बरं चालवती” म्हणत होते. ते मला म्हणत होते की स्वतःला धीर देत होते, सांगता येत नाही.

आवतणाला मानाचा क्रम असतो. सगळ्यात मोठ्या घरापासून सुरुवात होते आणि तो क्रम चुकला तर वर्ष वर्ष बोलणं ऐकावं लागतं. मोठं घर म्हणजे गुरुजींचं. ते नानांचे चुलतभाऊ, वयाने मोठे, भावकीतले पहिले शिकलेले, शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. मी गाडी त्यांच्या घराकडे वळवली, तर नानांनी खांद्यावर बोट टेकवलं.

“तिकडं नको. आज मानाचं नाय. ज्याचा हात फोनवर लवकर जातो तो पयला.”

आणि मग बत्तीस घरांपैकी कुणाचा हात किती लवकर जातो, हे ते मागून सांगत गेले. याचा टेम्पो आहे, तो प्रत्येक सिग्नलला फोन काढतो. ही रविवारी मुलांना आंघोळी घालते, दुपारपर्यंत फोन बघणार नाही. हा वाचत नाही, नुसतं पुढे पाठवतो, याला लवकर गाठ. त्या घरी फोन सासूचा पण बोट सुनेचं. नानांनी भावकीतल्या कुणाचाही फोन कधी हातात घेतला नव्हता. पण चाळीस वर्षं उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी आतली माणसं पाहिली होती.

टेम्पोवाला दीर अंगणात टेम्पो धूत होता. फाईलचं ऐकून म्हणाला, “नाना, हात ओले होते म्हणून थांबलो. टेम्पो कालच धुतला असता तर आज फोन गेला होता.”

“उघडली नाय ना?”

“आईशपथ नाय.”

“मग हात ओलेच ठेव,” नाना म्हणाले, आणि आम्ही निघालो.

पुढच्या घरी मी पुढे झाले. मला वाटलं, काम पटपट व्हावं. मी दारातून विचारलं, “वहिनी, ती फाईल उघडली नाही ना कुणी?” वहिनींनी मान हलवली, नाही. मी वळले. नाना मात्र हलले नाहीत. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, “मी दोनदा दाबली ती. मला वाटलं फोनच बिघडला. मीच खुळा, आन् तुमालाबी सांगून बसलो.” एवढं बोलून ते गप्प झाले. वहिनींनी पदर सारखा केला. आत बघितलं. मग म्हणाल्या, “मी बी एकदा दाबली, नाना. काहीतरी गोल गोल फिरत होतं. तेवढ्यात दूध उतू गेलं.”

मी त्यांचा फोन घेऊन पाहिला. फाईल उतरली होती, पण ॲप बसलं नव्हतं. पुसून टाकली.

तिथून पुढे मी विचारणं सोडलं. प्रत्येक दारात नाना आधी स्वतःची चूक सांगायचे आणि मग गप्प राहायचे. ते गप्प राहणं मला जड जायचं. मला वाटायचं काहीतरी बोलावं, पुढच्या घरी जावं. पण त्या शांततेतच माणसं बोलायची. आम्ही फिरलो त्यातल्या सात घरांनी फाईल दाबली होती आणि सातांपैकी सहा जणांनी आधी ‘नाही’च म्हटलं होतं. मी शाळेत रोज मुलांना आणि पालकांना प्रश्न विचारते. असं विचारायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

विहिरीजवळच्या घरात नानांची एक म्हातारी चुलती राहते. तिचा फोन तांदळाच्या डब्यावर असतो. तिने दोन्ही हातांच्या बोटांनी फाईल दाबून पाहिली होती, नवरानवरीचा फोटो दिसेल म्हणून. काहीच दिसलं नाही तेव्हा नानांवर रागावून भाकरी करायला बसली होती.

“मग लगीन नायच का?” तिने विचारलं.

“नाय, काकी.”

“मी लुगडं काढून ठिवलं.”

“राहू द्या बाहेर. दुसरं येईल.”

“तुझं काय खरं नाय आता,” काकी म्हणाली. तिने सहज म्हटलं असेल, पण नानांनी गाडीवर बसताना टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

दुपार कलायला लागली तेव्हा एकतीस घरं झाली होती. नाना बोटांच्या पेरांवर मोजत होते. एकाही फोनमध्ये ते ॲप बसलेलं निघालं नव्हतं, आणि मला हायसं वाटायला लागलं होतं. गुरुजींचं घर तेवढं राहिलं. त्यांची काळजी आम्हां दोघांनाही नव्हती. गुरुजी रोज दोन वर्तमानपत्रं वाचतात. ग्रुपवर कुणी चुकीचं शुद्धलेखन केलं तर दुरुस्त करून परत पाठवतात.

ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आम्हांला फाटकात पाहून त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली.

“या. आमची आठवण बत्तिसाव्या घरी झाली.”

“दादा, तुमी शिकलेले,” नाना म्हणाले. “तुमची काळजी नव्हती.”

“म्हणजे मूर्खांना आधी सांगून आलास. मानाचं घर शेवटी.”

“तसं समजा.”

“मला कळलं ते ग्रुपवर. मी कशाला उघडू असलं काही? मी काय आज फोन बघतोय का?”

नानांनी आपली चूक सांगितली. दोनदा दाबली, फोन बिघडला असं वाटलं, तुम्हालाही सांगून बसलो. मग गप्प राहिले. मी त्या शांततेची आता सवय करून घेतली होती, आणि मनात म्हटलं, इथे त्याची गरज नाही.  गुरुजींनी चष्मा काढून पुसला. फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता.

तो वाजला. गुरुजींना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन उचलला की आवाज सगळ्या अंगणाला ऐकू येतो.

“सर, नमस्कार. मी तुमचा जुना विद्यार्थी. सर, लग्न कुणाचं आहे? तुम्ही पाठवलेली पत्रिका माझ्याकडे उघडत नाहीये.”

गुरुजींनी “नंतर बोलतो” म्हणून फोन ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. आतून त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात आल्या होत्या.

नाना त्यांच्याकडे बघत नव्हते. ते अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे तोंड करून उभे होते, जणू त्यांनी काही ऐकलंच नाही. थोड्या वेळाने तिकडेच बघत म्हणाले, “दादा, माझी बत्तीस घरं झाली. तुमची किती?”

 “सगळे विद्यार्थी आहेत फोनमध्ये,” गुरुजी म्हणाले. “चार-पाच बॅचेस.” आणि मग अगदी बारीक आवाजात, “ते परवानगी मागत होतं. मला शंका आली होती. पण तुझा आवाज होता रे वर. चूलबंद म्हणालास.”

नाना आवतणाला कधी बसत नाहीत. त्या दिवशी ते गुरुजींच्या पायरीवर बसले.

पुढचं काम माझं होतं, आणि मला काहीतरी करता येत होतं याचं त्या क्षणी फार बरं वाटलं. मी गुरुजींचा फोन घेऊन त्याचं सगळं नेटवर्क बंद केलं. मेसेजमध्ये बँकेचा एक कोड येऊन पडला होता. तो गुरुजींनी मागितलेलाच नव्हता. माझ्या फोनवरून त्यांच्या बँकेला फोन लावला. आधी बराच वेळ यंत्रच बोलत राहिलं, हे दाबा, ते दाबा. शेवटी एक माणूस आला. गुरुजींनी खाते क्रमांक वर्गात श्रुतलेखन घालावं तसा एकेक आकडा स्पष्ट करून सांगितला. खातं तात्पुरतं बंद झालं. शिल्लक जशीच्या तशी होती. ते ऐकून काकू आत गेल्या आणि त्यांनी चहा ठेवला. मग सायबर तक्रारीच्या सरकारी नंबरवर सगळं सांगून तक्रार क्रमांक लिहून घेतला. ॲप फोनच्या पडद्यावर कुठे दिसत नव्हतं. आतल्या यादीत जाऊन सापडलं. ते काढलं, पण पोलीस बाईंनी सांगितलं होतं की नुसतं काढून भागत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन नातवंडांचे फोटो आधी बाजूला काढले आणि सगळा फोन कोरा करून घेतला.

पण त्या संध्याकाळचं खरं काम वेगळंच होतं. गुरुजींचा फोन बंद, आणि त्यातून पत्रिका मात्र गेलेल्या. काकूंनी कपाटातून गुरुजींची जुनी डायरी आणली. तीत बॅचप्रमाणे विद्यार्थ्यांची नावं आणि नंबर गुरुजींच्या वळणदार अक्षरात होते. नानांनी आपला फोन पुढे केला.

“काय सांगू?” गुरुजींनी विचारलं. आयुष्यभर बोलण्यावर जगलेल्या माणसाने हे विचारलं, आणि चौथी शिकलेल्या माणसाला विचारलं.

“आधी आपलं सांगायचं,” नाना म्हणाले. “मग गप राहायचं. तो सांगतो.”

पहिल्या फोनला गुरुजींचा आवाज अडखळला. “मी तुझा सर बोलतोय. माझ्याकडून एक चूक झाली आहे.” दुसऱ्या फोनला थोडा कमी. सहाव्या-सातव्या फोनला तो वर्गातला आवाज परत आला. एकेक नाव झालं, की नाना डायरीत त्या ओळीवर बोट सरकवत. त्यांना ती नावं धड वाचता येत नव्हती, पण एकही ओळ त्यांनी सुटू दिली नाही. एका विद्यार्थ्याने सांगितलं की त्याने उघडली आहे. गुरुजींनी त्याला रागावलं नाही. “मीही उघडली,” म्हणाले, “आता मी सांगतो तसं कर.” आणि माझ्याकडे फोन दिला. दिवेलागणीला मळ्यातून माझे पती मोटरसायकल घेऊन आम्हांला शोधत आले, तेव्हा तिसरी बॅच चालू होती. ते म्हणाले, “आई घरी जेवण वाढून बसलीय.” नाना म्हणाले, “तू जेव. आमाला दोन वर्ग राहिलेत.”

कुणाचंही काही गेलं नाही. निफाडच्या साडूंच्या खात्यातून मात्र थोडे पैसे गेले होते, ते तक्रार केल्यावर अडवले गेले आणि पुढे परत आले. मी शाळेत हे सांगितलं, तेव्हा मुख्याध्यापिकांनी पालकसभेत बोलायला लावलं. मी एपीके म्हणजे काय ते सांगितलं, पण बहुतेक वेळ नानांबद्दलच बोलले. चूक झाली की आधी आपण कबूल करायची, म्हणजे समोरच्याला कबूल करायला जागा होते. हे सांगताना मला वहीची गरज लागली नाही.

घरी मात्र नाना बदलल्यासारखे वाटत होते. त्यानंतरची दोन आवतणं त्यांनी ग्रुपवर दिलीच नाहीत. पायी फिरून दिली. काकीने सहज म्हटलेलं ते वाक्य त्यांच्या मनात असावं. मला भीती वाटायची, की आपल्या शब्दावरचा त्यांचा स्वतःचाच विश्वास उडाला आहे.

दिवाळीनंतर माझ्या मुलाचं जावळ ठरलं. सासूबाईंनी आणि मी मिळून नानांना आग्रह केला, की घरचंच कार्य आहे, निदान हे आवतण तरी ग्रुपवर द्या, मग हवं तर फिरा. त्यांनी फोन हातात धरला, दोनदा खाली ठेवला. मग बोलले. नातवाचं जावळ, येत्या रविवारी, मळ्यात, सगळ्यांना चूलबंद. सोबत कुठली फाईल नाही, हेही त्यांनी सांगितलं.

पाच मिनिटांत फोन वाजायला लागला.

“नाना, तुमीच बोलताय ना?” टेम्पोवाला दीर होता.

“मीच.”

“खरंच जावळ हाय?”

“हाय.”

तो ठेवतात न ठेवतात तोच वहिनींचा. मग पुढच्या घराचा. प्रत्येक घर विचारत होतं. काकीने खात्रीसाठी जेवणात काय आहे तेही विचारून घेतलं. मी आतून ऐकत होते. ज्या माणसाच्या एका शब्दावर बत्तीस चुली थंड राहायच्या, त्याला आता घराघराला पुरावा द्यावा लागत होता. शेवटी मी बाहेर आले आणि म्हटलं, “नाना, वाईट वाटून घेऊ नका. लोक जरा घाबरलेत.”

“वाईट कशाचं?” नाना म्हणाले. पुढचा फोन वाजत होता, तो त्यांनी क्षणभर वाजू दिला. “विचारतात म्हंजे येणारेत. आधी कुणी विचारत नव्हतं. मी कुणाच्या बी दारात काय बी आणून टाकलं असतं.” आणि फोन उचलून, “बोल. हो, मीच.”

गुरुजींनी फोन केला नाही. ते काठी टेकत स्वतः आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, “खात्री करायला आलो. आवाजाचं आता काही सांगता येत नाही म्हणतात.” नानांनी त्यांच्यासमोर ते सगळं पहिल्यापासून पुन्हा तोंडाने सांगितलं, दिवस, जागा, वेळ आणि चूलबंद. गुरुजींनी मान डोलावली आणि चहा घेतला.

ऊन उतरेपर्यंत नाना पेरांवर मोजत होते. एकतीस घरांनी विचारलं होतं. एका घरून काहीच आलं नव्हतं. फोन सासूचा आणि बोट सुनेचं, तेच घर.

“झोपली असतील दुपारची,” मी म्हटलं. “ऐकलं असेल त्यांनी.”

“ऐकलं असतं तर विचारलं असतं,” नाना म्हणाले. त्यांनी टोपी घातली, चपला पायात सरकवल्या आणि बांधाच्या वाटेने त्या घराकडे निघाले.